तारखांची वजाबाकी

आमच्या वहिनी दोन महिन्यांसाठीं कोंकणांत जावयाच्या होत्या. रक्तदाबाची एक गोळी त्यांस रोज घ्यावी लागते, आणि पावसाळ्यांत तेथील औषधांचें दुकान गांठणें म्हणजे अर्ध्या दिवसाचें काम. १ जुलैपासून १ सप्टेंबरपर्यंत गोळ्या किती न्याव्या, हें संगणकावर काढून देण्याचें आमच्या नातवानें आपण होऊन पत्करलें. पायथॉन नामक संगणकभाषा तो नुकताच शिकूं लागला आहे. उत्तर आलें ६०. आम्हीं मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजले, तों ६३ भरले. यंत्रावर विसंबलों असतों, तर वहिनी तीन दिवस औषधावांचून राहिल्या असत्या!

यंत्र चुकत नाहीं, असें नातू म्हणे. खरेंच, त्यास जें सांगितलें तेंच त्यानें केलें. नातवानें वर्षास ३६५ नीं व महिन्यास ३० नीं गुणून त्यांत दिवस मिळविले होते, आणि एका बेरजेंतून दुसरी वजा केली होती. आम्हीं त्यास ३१ जानेवारी व १ फेब्रुवारी या तारखा घालून पाहावयास सांगितलें. उत्तर शून्य! दोन निरनिराळे दिवस एकच ठरले, तेव्हां चूक कोठें आहे, तें त्यास न सांगतां उमगलें.

तारखेंतून तारीख वजा करूं नये; दोहोंचे एकाच आरंभापासूनचे दिवस काढावे व मग वजाबाकी करावी. आमच्या ज्योतिष्यांस ही युक्ति जुनीच. त्या दिवससंख्येस ते अहर्गण म्हणतात. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरून रचिलेल्या ग्रहलाघवांत तर, संख्या लहान राहावी म्हणून, सुमारें ११ वर्षांचें म्हणजे ४०१६ दिवसांचें चक्र योजिलें आहे. पायथॉनमध्येंहि इसवी सन १ मधील १ जानेवारी हा पहिला दिवस मानून अशीच गणना तयार ठेविलेली आहे. तींत लीप वर्षहि सांभाळलें जातें: ४ नीं भाग जाणारें वर्ष लीप, शतकाचें मात्र ४०० नीं भाग गेला तरच, म्हणून २००० लीप होतें, १९०० नव्हतें.

या गणनेनें उत्तर आलें ६२. उरलेला एक दिवस प्रश्नांतच दडला होता. वजाबाकी दोन तारखांमधील अंतर सांगते. गोळी तर पहिल्या व शेवटच्या अशा दोन्ही दिवशीं घ्यावयाची. तेथें एक मिळवावाच लागतो.

वहिनींच्या डबींत ६३ गोळ्या गेल्या. नातू आतां नवा हिशेब यंत्रास देण्यापूर्वीं, ज्याचें उत्तर बोटांवर येतें असा लहान प्रश्न त्यास आधीं विचारून पाहतो. ही संवय वडील मंडळींनींहि लावून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.