तांब्याचा हंडा काळा पडला

मढमध्ये वास येतोय अशी तक्रार करायची म्हणजे जरा धाडसच. वेसाव्याच्या फेरीबोटीतून उतरलं की वलांडीवर सुकणारे बोंबीलच आधी स्वागताला येतात. म्हणून मावशी "बावीच्या पान्याला वास मारतंय" म्हणाली तेव्हा मी हसलो. तिने काही न बोलता मोटर लावली. बादलीत काळसर पाणी पडलं आणि सडक्या अंड्यांचा भपका नाकात गेला. तेच पाणी संध्याकाळपर्यंत तांबूस झालं. आदल्या रात्री भरून ठेवलेला तांब्याचा हंडा तर आतून शाई ओतल्यासारखा काळा.

घरात निकाल केव्हाच लागला होता: शेजाऱ्याची संडासाची टाकी. टेप लावला तर अंतर 9 मीटर भरलं. आरोग्याची पुस्तकं किमान 15 सांगतात, त्यामुळे संशय अगदीच खोटा नव्हता. भाच्याने पाणी तपासायची छोटी बाटली आणली. आत कागदाची पट्टी असते, ती 24 ते 48 तासांत काळी पडली तर पाण्यात मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं. आमची पट्टी चहा होईपर्यंत काळी! मावशी शेजारी भांडायला निघाली, तिला कसंबसं थांबवलं. जंतू इतक्या लवकर वाढत नाहीत. सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, पट्टीतल्या लोहाला काळं करतो आणि तो तर पाण्यात आधीपासूनच होता. ही बाटली अशा विहिरीला फसते. नमुना प्रयोगशाळेत पाठवला.

विहीर उपसणाऱ्या दादांनी आधी आत डोकावून नकारार्थी मान हलवली. हा वायू जास्त झाला की नाकाला वास कळेनासाच होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही. खाली कोणी उतरलं नाही. बुडालेले पोहरे काढायचा गळ त्यांनी दोरीला बांधून सोडला आणि तासभर चिखल उकरला. वर आलं ते जाळीचं कुजलेलं भेंडोळं आणि फणसाची पानं, काळी, बोटात धरली की साबणासारखी निसटणारी. घरात नळ आल्यापासून विहीर कोणी शेंदत नव्हतं. विहिरीवरची जाळी कधी फाटली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बाकी उलगडा सोपा होता. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं, त्याचा अंश मढच्या मचूळ झऱ्यांतही येतो. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू कुजणारी पानं खाऊन टाकतात. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू माजतात आणि हा वायू सोडतात. त्याने लोह काळं होतं, हवा लागली की तेच गंजून तांबूस.

पंप लावला तेव्हा दादा दर थोड्या वेळाने बोट बुडवून चाटत होते. पाणी खारट लागू लागताच त्यांनी पंप बंद केला. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर ते एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट असतं. वरचं जास्त ओढलं की खालून समुद्र वर येतो. चर्चगेटच्या भिका बेहराम विहिरीचं पाणी 1725 पासून गोडं आहे, पण म्हणून कुठलीही विहीर तळापर्यंत उपसू नये.

मग जंतू मारायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. शेजारी अर्धा किलो आत भिरकावायला निघाले होते. अडीच मीटर व्यास, तीन मीटर पाणी, म्हणजे पावणेपंधरा हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या हिशेबाने 37 ग्रॅम पुरेत. बादलीत कालवून निवळू दिली आणि फक्त वरची निवळी विहिरीत सोडली. तळाचा चुना आत गेला तर पाणी जड होतं. पहिला डोस उरलेल्या वायूनेच गिळला. तासाभराने क्लोरीनचा मागमूस नव्हता, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा.

अहवालात ई. कोलाय निघाला. तो टाकीतून आला की कठड्यावर बसणाऱ्या कबुतरांकडून, हे कागद सांगत नाही. त्यामुळे शेजारी सुटलेही नाहीत आणि अडकलेही नाहीत. प्यायला नळाचंच पाणी ठरलं, विहिरीचं धुण्याला.

पंधरा दिवसांनी मावशीने चिंचेने हंडा लखलखीत घासून विहिरीच्या पाण्याने भरून ठेवला. सकाळी काठाखाली पुसट काळी रेघ दिसली. तिने ती अंगठ्याने पुसली आणि पाणी अळूला ओतलं.