काळ्या कातळाचा मुलूख

महाराष्ट्रात पाहण्याजोगी ठिकाणे पुष्कळ आहेत आणि वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. अजिंठ्याची चित्रे, राजगडाच्या माच्या, लोणारचे सरोवर, कासची फुले यांच्या वाटा वेगळ्या आणि ऋतूही वेगळे. पायाखालचा दगड मात्र बहुतेक ठिकाणी एकाच जातकुळीचा आहे. तो म्हणजे लाव्हा थिजून तयार झालेला काळा पाषाण, भूशास्त्राच्या भाषेत बेसॉल्ट. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. हा दगड ओळखीचा झाला, की एरवी सुटी सुटी वाटणारी ही ठिकाणे एकमेकांना जोडली जातात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. तो पातळ असल्यामुळे उंच शंकूसारखा साचला नाही, दूरवर पसरला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, असे हे लोट दीर्घकाळ येत राहिले. पश्चिमेला त्यांची जाडी मोठी झाली, पूर्वेकडे ती कमी होत गेली. सगळे थर सारखे नव्हते. काही घट्ट आणि कठीण होते, तर काहींत वायूचे बुडबुडे अडकून दगड सच्छिद्र व ठिसूळ झाला. ऊन-पावसाने ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार झाले, कठीण थर उभे कडे होऊन राहिले. सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते यामुळे.

या रचनेचे सर्वांत थरारक दर्शन अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडावर होते. गडाच्या पश्चिम अंगाचा कोकणकडा सरळ उभा नाही. तो आतल्या बाजूला वळलेला, अर्धवर्तुळाकार आहे आणि त्याखाली थेट कोकणाचा तळ दिसतो. दरीत धुके असेल आणि सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असेल, तर धुक्यावर पूर्ण गोलाकार इंद्रधनुष्य उमटते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. योग जुळावा लागतो, म्हणून तेवढ्याच आशेने जाऊ नये. कडा एकटाही पुरेसा आहे.

अशा कड्यांच्या भिंतीतून देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या वाटा मोजक्याच होत्या. जुन्नरजवळचा नाणेघाट त्यांतला सर्वांत बोलका आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून येणारा माल सातवाहनांच्या काळी या घाटाने वर चढत असे. घाटमाथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेच्या काळचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांच्या दानांची नोंद असून, भारतातील अगदी जुन्या अंकचिन्हांचे नमुने तेथे पाहायला मिळतात. जवळच एक भला मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. पावसाळ्यात येथे दरीतून येणारा वारा धबधब्याचे पाणी उलटे वर उडवतो. गर्दी त्यासाठीच होते आणि शिलालेखाकडे फारसे कोणी वळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

किल्ल्यांनाही हीच थरांची रचना उपयोगी पडली. कठीण थराचा उभा कडा हा आयता तट होता आणि त्याच्या खांद्यावरची सपाटी माचीला सोयीची होती. राजगडावर हे लख्ख कळते. मध्ये कड्यांनी वेढलेला बालेकिल्ला आणि त्याच्या खालच्या अंगाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, अशी त्याची मांडणी आहे. गडावर पाण्यासाठी कातळात टाकी खोदत आणि त्यातून निघालेला दगड बांधकामाला वापरत, त्यामुळे एका कामात दोन गरजा भागत. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतला जिंजी तामिळनाडूत आहे, बाकीचे अकरा महाराष्ट्रात.

माणसाने या दगडावर सर्वांत जास्त जीव लावला तो लेण्यांत. आडव्या पसरलेल्या जाड थरात सलग खोदता येते, म्हणून देशातील बहुसंख्य कोरीव लेणी याच राज्यात आहेत. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या सागवानी कमानी दोन हजार वर्षांनंतरही टिकून आहेत. खरे तर कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची गरजच नव्हती. लाकडी इमारतींची सवय झालेल्या कारागिरांनी ती ओळख दगडातही जपली.

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर आहेत. पहिली खोदाई इसवी सनापूर्वीच्या शतकांतली आहे, तर बहुतेक लेणी पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातली. पुढे ती विस्मरणात गेली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडल्यावर बाहेरच्या जगाला ती कळली. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या भिंतीवर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन, तो सुकल्यावर चित्रे काढली आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची खाली झुकलेली नजर पाहायला जगभरातून लोक येतात. दोन थरांच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी हा या चित्रांचा जुना शत्रू आहे.

वेरूळला चौतीस लेणी आहेत. बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन. तिन्ही धर्मांची ही कामे एकाच डोंगराच्या कडेला, एकमेकांच्या शेजारी झाली. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कोरले गेले. लेणे म्हटले तरी ते गुहेसारखे आत खोदलेले नाही. डोंगराच्या माथ्यावरून खाली खंदक खणून मधला कातळ मोकळा केला आणि त्यातून शिखर, मंडप, हत्ती, स्तंभ घडवले. काम कळसापासून पायाकडे झाले. बांधकामात चुकलेला दगड बदलता येतो, येथे निघालेला टवका परत बसवता येत नव्हता. एवढे अवाढव्य मंदिर आधी डोक्यात पूर्ण उभे करून मग मोकळे करणाऱ्या अनाम कारागिरांना तोड नाही. हे लेणे आधी खालून आणि मग शेजारच्या डोंगरवाटेने वर जाऊन, असे दोनदा पाहावे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला हाच दगड आकाशातून आलेल्या आघाताने फुटला. उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले आणि त्याच्या तळाशी खारट, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर साचले. बेसॉल्टमध्ये झालेली उल्काविवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही अशाच खडकाचा, म्हणून तेथील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारकडे येतात. काठावर मात्र गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी ते रामसर पाणथळ ठरले. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात विष्णूने मारलेल्या लवणासुराची कथा आहे. खाऱ्या पाण्याचे कोडे लोकांनी त्या कथेने सोडवले होते.

बेसॉल्ट दीर्घकाळ भिजत आणि तापत राहिला, की त्याचा तांबडा, सच्छिद्र जांभा होतो. साताऱ्याजवळचे कासचे पठार जांभ्याचे आहे. त्यावर माती इतकी कमी की झाड मूळ धरत नाही, पण पाऊस ओसरताना ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये छोट्या रोपांचा गालिचा फुलतो. मातीत पोषण नसल्याने दवबिंदूसारख्या काही वनस्पती कीटक पकडून खातात. पाऊलवाट सोडून आत शिरणे म्हणजे हा पातळ थर कायमचा तुडवणे होय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली हत्ती, मासे, माणसे यांची भव्य कातळशिल्पे आहेत, आणि त्यांतली कित्येक आजही उघड्यावर आहेत.

पूर्व विदर्भात लाव्ह्याचे आवरण संपते. चंद्रपूर, गडचिरोलीत खालचे जुने वालुकाश्म वर येतात. कोळसा याच खडकांत सापडतो, आणि सिरोंचा तालुक्यात डायनोसॉरचे व वृक्षांचे जीवाश्मही. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे वालुकाश्मातील मंदिरसमूह आहे. वेरूळचा काळा कातळ पाहून आलेल्याला दगडाचा फरक तेथे पहिल्याच नजरेत कळतो. हा दगड मऊ, फिकट रंगाचा असून त्यावरचे कोरीवकाम दागिन्याइतके नाजूक आहे.