होर्युजीची आग आणि आमचा अजिंठा

अकोल्याहून निघतांना घरांतील वडील मंडळींना एकच काळजी होती, ती जेवणाची. आम्ही चित्रकलेचे विद्यार्थी. जपानांतील जुनीं मंदिरें पाहण्यासाठीं जानेवारींत दोन आठवडे गेलों होतों. आजीची चिंता अगदींच अनाठायीं नव्हती. तेथें वरकरणी साध्या दिसणाऱ्या कढणांतहि माशांचा अर्क असतो. परंतु मठांतून 'शोजिन' नांवाचें शाकाहारी भोजन मिळतें हें कळलें आणि पोटाचा प्रश्न मिटला.

परकेपणा आम्हांस वाटला तो थंडीचा. माणसांचा फारसा नाहीं. जपानी मुलें आपलीं अक्षरें आ, इ, उ, ए, ओ या स्वरांनीं आरंभ करून पुढें क, स, त, न अशा ओळींनीं म्हणतात. हा क्रम संस्कृत वर्णमालेवरून तिकडे गेलेला आहे. आपली सरस्वती तेथें बेंझाइतेन झाली असून तिच्या हातीं वीणेऐवजीं बिवा नांवाचें तंतुवाद्य असतें. नारा येथील तोदाइजी मंदिरांतील प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनविधि इ. स. ७५२ मध्यें बोधिसेन नांवाच्या भारतीय भिक्षूच्या हस्तें झाला होता.

पण आम्हांस सांगावयाचें आहे तें होर्युजीविषयीं. ता. २६ जानेवारीस, घरीं झेंडावंदन चाललें असेल त्या वेळीं, आम्ही या मंदिराच्या आवारांत कुडकुडत उभे होतों. भिक्षूंचें सूत्रपठण झालें आणि नंतर बंबांच्या नळ्यांतून पाण्याच्या धारा उंच उडाल्या. आग मात्र कोठेंच नव्हती! १९४९ सालीं याच तारखेस येथील मुख्य मंदिरास आग लागून भिंतींवरील प्राचीन चित्रें करपून गेलीं. त्या वेळीं चित्रकार त्यांच्या नकला करीत होते. थंडीसाठीं त्यांनीं घेतलेल्या विजेच्या गाद्यांपासून आग लागली असें एक मत आहे. दुसऱ्याच वर्षीं तेथें सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि हा दिवस देशभर अग्निरक्षणाचा म्हणून पाळला जातो.

त्या नकला करणाऱ्यांत पूर्वीं आराई काम्पो हे एक होते. ते १९१६ सालीं रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानांत आले आणि पुढें त्यांनीं अजिंठ्यास राहून तेथील चित्रें उतरून घेतलीं. होर्युजीचा बोधिसत्त्व व अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणी यांचें साम्य जाणकार नेहमीं दाखवितात. आराई १९४५ मध्यें वारले. होर्युजीची आग त्यांना पाहावी लागली नाहीं. मात्र त्यांनीं नेलेल्या अजिंठ्याच्या नकला तोक्योच्या विद्यापीठांत १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगींत गेल्या होत्या. अजिंठ्याच्या नकलांचें नशीबच असें! रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या, आणि मुंबईच्या कलाशाळेंतील ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं केलेल्यांपैकीं कित्येक १८८५ सालीं त्याच शहरांत.

हें सारें ऐकवून आमच्या वृद्ध जपानी गुरुजींनीं सहज विचारलें, "तुमच्या गांवापासून अजिंठा किती लांब?"

"एका दिवसांत जाऊन येतां येतें."

"मग आपण किती वेळां पाहिला?"

आठवींत असतांना शाळेच्या सहलींतून एकदां, आणि त्यांतून ध्यानांत राहिलीं तीं माकडें, हें सांगतांना आमची मान खालीं गेली. गुरुजी कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आमच्या पेल्यांत चहा ओतला.

परत आल्यावर होळीच्या सुमारास घरांतील अकरा माणसें घेऊन निघालों, तों सोमवारीं लेणीं बंद असतात हें ध्यानांतच न राहिल्यामुळें फर्दापुराहून माघारी फिरावें लागलें. काकांनीं जपानी शिक्षणाचा उद्धार केला, हें सांगावयास नकोच. दुसऱ्या खेपेस सातच जणें आलीं. आजी मात्र दोन्ही वेळां होती. पहिल्या लेण्यांत उजेड मंद, चित्रांस जपण्यासाठींच ठेविलेला. ती पद्मपाणीपुढें बराच वेळ थांबली.

"डोळे मिटलेले नाहींत रे त्याचे," ती म्हणाली, "खालीं पाहतोय."

आम्हीं वही काढली. पण मागें रांग होती, आणि पहारेकऱ्यानें पुढें सरकावयास सांगितलें.