टिळकांचा राग आणि लक्ष्मीबाईंचा हिशेब

 बुऱ्हाणपूर म्हणजे केळीचा आणि मराठी-हिंदीच्या सरमिसळीचा मुलूख. १८८१ मध्ये अर्नेस्ट वॉर्ड हा फ्री मेथडिस्ट मिशनरी बायकोसह बुऱ्हाणपुरात येऊन राहिला. पुढे बारा-तेरा वर्षांनी राजनांदगावला निघालेल्या एका मराठी कवीशी त्याची आगगाडीत गाठ पडली. वॉर्डने त्याला नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

भाकीत खरं ठरलं ते धर्मांतरापुरतं. स्वभाव कधी बदलेल, हे वॉर्डने सांगितलं नव्हतं. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांची यादी आहे. तिच्यात आत्मसंयमन अगदी शेवटी येतं. टिळकांकडेही ते शेवटीच आलं, आणि माझ्या मते अर्धंमुर्धं.

टिळकांचा राग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात काहीही न झाकता लिहून ठेवला आहे. क्षुल्लक कारणावरून भडकायचं, घटकाभराने लहान मुलासारखं निवळायचं, मनात आलं की कुणाला न सांगता घराबाहेर पडायचं. पैशाचंही तेच. हातात आलेला पैसा आधी दारातल्या गरजवंताचा. घरात डाळ-तांदूळ आहेत की नाहीत ही काळजी बायकोची. याला औदार्य म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यात संयमाचा अभावही दिसतो.

लक्ष्मीबाई स्वतः संयमाच्या वेगळ्याच शाळेतून आल्या होत्या. जलालपूरला वडिलांच्या घरी सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली मीठ-साखरही धुतली जाई. काय शिवायचं, काय नाही, याचा काच दिवसभर. जिभेला मात्र कसलाच लगाम नाही! तेव्हा नवऱ्याने धर्म सोडला म्हणजे बाईच्या दृष्टीने आभाळच कोसळलं. पुढची जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली.

पण लक्ष्मीबाई टिळकांकडे नगरला परत आल्यावर ते जसे वागले, त्याची त्यांच्या चरित्रात पुरेशी दखल घेतली जात नाही. लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं चालूच ठेवलं, चूल वेगळी मांडली. ज्या माणसाला स्वयंपाकाला झालेला उशीर खपत नसे, त्याने हे सगळं खपवून घेतलं आणि बाप्तिस्म्याचा हट्ट धरला नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने पटलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या संयमाचा पहिला भक्कम पुरावा मला इथे सापडतो.

त्याच सुमारास छप्पनचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, दुष्काळ आला. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनकडे अनाथ मुलांची रीघ लागली. टिळकांच्या घरातही परकी मुलं वाढू लागली. प्लेगच्या छावणीत दोघांनी रोग्यांची सेवा केली. ख्रिस्ती मंडळीत राहण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. घरात चारच माणसं असली की राग झाकता येतो. आजारी, उपाशी, रडक्या पोरांच्या गराड्यात तो झाकतही नाही आणि परवडतही नाही. आपल्या मंडळ्यांत दारू-तंबाखू सुटल्याची साक्ष आवडीने ऐकली जाते. जेवताना ताट भिरकावणाऱ्याकडे साक्ष कोण मागतो? ती साक्ष बायकोने दिली तर तिलाच गप्प बसवतात. लक्ष्मीबाई गप्प बसल्या नाहीत. तोंडावर बोलल्या, पुढे छापूनही आणलं, आणि तेही हसत हसत.

टिळकांच्या तापट स्वभावाला एक चांगली वाट मिळाली ती भजनांची. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती देवळात रुजवलं. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली त्यांची पदं आजही रविवारी म्हटली जातात. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाची मराठी बाजू सांभाळत होते. मिशनरींच्या वर्चस्वाशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय मांडला आणि ख्रिस्ती संन्यासी झाले. हा वैराग्याचा कळस होता की जुनीच तडकाफडकी निघून जायची सवय? दोन्ही असावं. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही दरबारात जागा होती; हे धाडस थंड डोक्याच्या माणसाकडून झालं नसतं. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, ते गेले.

त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलेलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडूनच अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याला पुढचे ६४ अध्याय जोडून ते पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने निघू लागलं.