रिकाम्या खोलीचं नाव

घड्याळात घालायचा सेल, जीवशास्त्राच्या पुस्तकातली सेल म्हणजे पेशी, छतावरचा सोलर सेल, अंदमानचं सेल्युलर जेल आणि हातातला सेलफोन. या सगळ्यांच्या मुळाशी एकच इंग्रजी शब्द आहे. (दुकानाच्या पाटीवरचा सवलतीचा सेल तेवढा वेगळा, त्याचं स्पेलिंगही निराळं आणि कूळही.)

मूळ लॅटिन शब्द ‘सेला’, म्हणजे लहान खोली. झाकणे, लपवणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं आहे. धान्य-तेल साठवायची कोठी ही सेला, रोमन देवळातला मूर्तीचा गाभारा ही सेला आणि पोळ्यातलं मधमाशीचं एकेक घर हीसुद्धा सेला. पुढे ख्रिस्ती मठातल्या खोल्यांना हे नाव मिळालं, नंतर तुरुंगातल्या कोठड्यांना.

विज्ञानात हा शब्द आणला रॉबर्ट हूकनं, १६६५ साली, ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात. बूच इतकं हलकं का, ते बुडत का नाही आणि दाबलं तरी पुन्हा का फुगतं, हे त्याला शोधायचं होतं. त्यानं धारदार चाकूनं बुचाचा अगदी पातळ काप काढला, काळ्या पट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिला. ओळीनं मांडलेल्या चिमुकल्या पोकळ्या दिसल्या. त्यानं त्या मोजल्यासुद्धा: इंचाच्या अठराव्या भागात सुमारे ६०, म्हणजे एका इंचात १,०८० आणि एका घन इंचात १,२५,९७,१२,०००! हवा या बंद खणांत कोंडलेली असल्यामुळेच बूच हलकं आणि लवचीक आहे, हे त्याला उमगलं. हूकला मठातल्या खोल्या आठवल्या असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. त्याच्या वर्णनात उपमा आहे ती मधाच्या पोळ्याची.

बुचात त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. आतला जीव कधीच सुकून गेला होता. हिरव्या वनस्पतींत हेच खण रसानं भरलेले दिसतात, हेही त्यानं नोंदवलं. पण नाव पडलं ते पोकळीवरूनच. मला वाटतं, या नावामुळे पुढे बराच काळ सगळं लक्ष भिंतीवरच राहिलं. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउननं पेशीतल्या केंद्रकाला नाव दिलं. १८३८ मध्ये श्लायडेननं वनस्पतींबद्दल आणि पुढच्याच वर्षी श्वाननं प्राण्यांबद्दल सांगितलं, की त्यांचं शरीर पेशींचंच बनलेलं असतं. प्राण्यांच्या पेशीला तर वनस्पतींसारखी भिंतच नसते! १८६१ मध्ये माक्स शुल्त्सेनं पेशीची व्याख्याच बदलली: केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, भिंत असो वा नसो. तोवर नाव इतकं रुजलं होतं, की ते काही बदललं नाही. रिकाम्या खोलीचं नाव अशा रीतीनं सजीवांच्या सगळ्यात गजबजलेल्या घटकाला कायमचं चिकटलं.

मराठीनं इथे वेगळी वाट धरली. ‘पेशी’ हा आयुर्वेदातला जुना शब्द; सुश्रुतसंहितेत तो स्नायूंसाठी येतो. त्यात खोली नाही, पोकळीही नाही. आहे तो मांसल, भरीव भाग. हा शब्द मला सेलपेक्षा अधिक नेमका वाटतो.

विजेचा सेल मात्र खरोखरच खणावरून आला. व्होल्टानं १८०० मध्ये धातूच्या चकत्यांची चळत रचून वीज मिळवली. लवकरच विल्यम क्रुइकशँकनं लाकडी पेटीत धातूच्या पत्र्यांचे आडपडदे घालून खण पाडले आणि त्यांत द्रावण भरलं. असा एकेक खण म्हणजे सेल, असे अनेक सेल जोडले की बॅटरी. आपल्या पाठ्यपुस्तकांनी सेलला ‘विद्युत घट’ म्हटलं. सेल्युलर जेलमधला सेल तर थेट कोठडीच: जवळपास ७०० कोठड्या होत्या, प्रत्येकीत एकच कैदी असे. सावरकरांना १९११ मध्ये तिथे आणलं गेलं.

फोनमधला सेल नकाशावरचा आहे. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी एका टिपणात प्रदेशाचे षटकोनी तुकडे पाडायची कल्पना मांडली. वर्तुळं शेजारी-शेजारी ठेवली तर मध्ये फटी राहतात. षटकोन मात्र सलग बसतात, मधमाशीच्या घरांसारखे. प्रत्येक तुकडा म्हणजे सेल, त्याचं प्रक्षेपण कमी ताकदीचं. त्यामुळे एका सेलमध्ये वापरलेल्या लहरी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या सेलमध्ये पुन्हा वापरता येतात आणि मोजक्या लहरींवर लाखो लोक एकाच वेळी बोलू शकतात. फोन वापरणारे वाढले, की एका सेलचे आणखी लहान सेल करतात. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात टॉवर इतके जवळजवळ असतात ते यामुळेच.