धुण्याचे मशीन घेताय? आधी पाणी, वीज आणि दुरुस्ती पाहा



उसाच्या बिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की तालुक्याच्या दुकानांत गर्दी होते. पूर्वी सायकल, रेडिओ, शिलाई मशीन घरी यायचे. आता कपडे धुण्याचे मशीन येते. खत-बियाणे सोडून शेतकी खात्याने धुण्याच्या मशीनवर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण असे की, ऊस नोंदीच्या आणि तोडणी कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही वाडीवस्तीवर फिरतो, तेव्हा पडवीत पोत्याने झाकून ठेवलेली मशिने दिसतात. काहींवर लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या असतात. विचारले तर घरची माउली सांगते, "साहेब, चार महिने चाललं, मग बंद पडलं. माणूस येतो म्हणाला, आलाच नाही." आणि बोलता बोलता ती पुन्हा हौदाजवळच्या दगडावर धुणे आपटायला लागते.

पैसा तर गेलाच, पण खरे नुकसान तिचे झाले. आपल्या भागातले धुणे हे शहरातले धुणे नव्हे. काळ्या मातीने भरलेले लेंगे, उसाच्या रसाने चिकट झालेले सदरे, गोठ्यातले कपडे, वर अंथरुणे-पांघरुणे. ओली चादर पिळताना मनगट आणि कंबर दोन्ही धरतात. हे कष्ट कमी करायचे म्हणून आपण पैसे घालतो. तेव्हा मशीन टिकाऊ आणि भरवशाचे घ्यायला हवे.

भरवशाचे म्हणजे कोणते? दुकानदार कंपनीचे नाव सांगतो, पाहुणा दुसरेच सांगतो. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. को ८६०३२ ही जात चांगली, हे सर्वांना माहीत आहे. पण जमीन क्षारपड असेल तर आम्ही फुले २६५ लावायला सांगतो. जात चांगली असून भागत नाही, ती आपल्या रानाला मानवली पाहिजे. मशीनचेही तसेच आहे. ते आपल्या पाण्याला, विजेला आणि तालुक्याच्या मिस्त्रीला मानवेल तरच टिकेल.

पाणी : कृष्णा-वारणा खोऱ्यापासून नगर भागापर्यंत, जिथे वर्षानुवर्षे पाटपाणी भरपूर दिले गेले तिथे जमिनी क्षारपड झाल्या. अशा भागात विहिरीचे व बोअरचे पाणीही पुष्कळदा जड असते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरमध्ये पांढरी खपली धरते, ते पाणी जड समजावे. माती-पाणी परीक्षणासाठी आपण नमुना देतोच, त्यावेळी धुण्याच्या पाण्याची एक बाटलीही द्यावी आणि कठीणपणा काढून मागावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालेल असे धरले आहे. आकडा २०० च्या बराच वर गेला तर पाणी तापवणारे मशीन घेताना दहादा विचार करा. त्यातल्या हीटरवर गिझरसारखीच खपली धरते आणि पावडरही जास्त लागते.

पाण्याचा दाब : पूर्ण स्वयंचलित मशीन स्वतःच पाणी ओढून घेते असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. नळातून दाबाने पाणी आले तरच ते भरते. किमान दाब किती हवा हे माहितीपुस्तकात 'बार' या मापात लिहिलेले असते. हिशेब सोपा आहे. १० मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे १ बार. टाकी नळापासून ३ मीटर, म्हणजे साधारण १० फूट उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.३ बार. टाकी न्हाणीच्या पत्र्यावरच असेल तर तेवढाही नाही. दुकानात जाण्यापूर्वी टेपने ही उंची मोजून घ्या. टाकीत गाळ येत असेल तर मशीनच्या नळीतोंडाची जाळी तुंबते, ती काढून धुता येते हेही लक्षात ठेवा.

वीज : पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर बहुधा २००० वॅटच्या आसपास असतो. २३० व्होल्टला तो जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. बल्ब-पंख्याच्या लहान प्लगवर हे चालवू नये. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग व जाड वायर हवी. संध्याकाळी दाब उतरतो त्या वस्तीवर व्होल्टेज मोजून मगच स्टॅबिलायझरचा विचार करावा. मशीन चालू असताना वीज गेली तर परत आल्यावर ते तिथूनच पुढे सुरू होते की पहिल्यापासून, हे दुकानात विचारा. आणि अर्थिंग! ओले हात, ओली फरशी आणि लोखंडी सांगाडा, यात जिवाचा धोका आहे. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रोधक स्विच बसवा. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

दुरुस्ती : आमच्या मते हा सर्वात मोठा मुद्दा आहे. नाव मोठे असून भागत नाही. मराठवाड्यात कारखाना असलेली व्हिडिओकॉन एकेकाळी घरोघरी पोचली होती. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सबब आज सेवा कोण देतो ते पाहावे. खरेदीपूर्वी तीन गोष्टी करा. कंपनीच्या सेवा क्रमांकाला फोन करून आपल्या गावाचा पिन कोड सांगा आणि माणूस कुठून येतो ते विचारा. तालुक्याच्या मिस्त्रीला विचारा, कोणत्या मशीनचे सुटे भाग त्याच्याकडे मिळतात. आणि हमीपत्र नीट वाचा. "दहा वर्षांची हमी" असे मोठ्या अक्षरात असते, पण ती बहुतेक वेळा फक्त मोटारीची असते. इलेक्ट्रॉनिक प्लेट, पाणी काढणारा पंप, मिस्त्रीची मजुरी यांची हमी त्याहून पुष्कळ कमी असते. उंदराने तार कुरतडली तर ती सहसा हमीत बसत नाही. आपल्याकडे उंदरांना तोटा नाही, म्हणून तळाला जाळी आहे का ते पाहून घ्या.

मग कोणते घ्यावे? : दोन टबांचे अर्धस्वयंचलित मशीन बादलीने पाणी भरूनही चालते, त्याची रचना साधी आणि दुरुस्ती तालुक्यात होते. हाताने कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकावे लागतात, एवढाच त्रास. रानातल्या वस्तीसाठी, जड पाण्यासाठी आणि मातीच्या कपड्यांसाठी आमची पसंती यालाच आहे. गावात नळाचे गोड पाणी, उंच टाकी आणि स्थिर वीज असेल तर वरून झाकण उघडणारे पूर्ण स्वयंचलित घ्यावे. समोरून दार असलेले मशीन पाणी कमी वापरते आणि कपडे जपते, पण ते महाग, जड आणि सपाट पक्की फरशी मागणारे असते. ते घेतल्यास वाहतुकीसाठी मागे बसवलेले बोल्ट काढल्याशिवाय सुरू करू देऊ नका, नाहीतर पहिल्याच दिवशी ते घरभर नाचेल.

मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते. एका दिवसाचे कोरडे धुणे घरच्या काट्यावर तोला. अंथरुणाचा दिवस वेगळा तोला. मग ठरवा. कोणत्याही मशीनमध्ये चिखलाचे कपडे आधी झटकून, भिजवून टाकावेत. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर कधीही टाकू नयेत. ते वेगळे खळबळून वेगळेच धुवावेत.

पैसे : दुकानात मासिक हप्त्याचा आग्रह होतो. आपले पैसे महिन्याला येत नाहीत, ते बिलाच्या टप्प्यांनी येतात. मग मधल्या महिन्यांत हप्ता थकतो आणि दंड बसतो. "शून्य टक्के व्याज" या बोलीला भुलू नका. अशा योजनांतले व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाने झाकलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज दोन्ही कागदावर मांडून पाहा. पक्के बिल घ्या, हमीपत्रावर शिक्का व तारीख घ्या. कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

शेवटी एक विनंती. मोटारपंप घेताना आपण पाणक्याला विचारतो, बैल घेताना औत हाकणाऱ्याला नेतो. मग धुण्याचे मशीन घेताना धुणे धुणारीला घरी ठेवून दोन पुरुष का जातात? तिला बरोबर न्या. झाकणापर्यंत तिचा हात पोचतो का, बटणांवरची अक्षरे तिला कळतात का, ओल्या कपड्यांचा गोळा तिला उचलता येईल का, हे तिलाच पाहू द्या. जे तिला नीट वापरता येईल ते पोत्याखाली जाणार नाही, आणि उसाच्या बिलातले ते पैसे खऱ्या अर्थाने सत्कारणी लागतील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग