सब्राची दुसरी इनिंग

रमजानला सब्राचा महिना म्हणतात. सब्र म्हणजे संयम, असा त्याचा सोपा अर्थ सांगितला जातो. पण हात बांधून गप्प बसणे म्हणजे सब्र नव्हे. रोजेदार दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही, तरी दुकान उघडतो, यंत्रमाग चालवतो, शाळेत शिकवतो. जे आत्ता मिळणार नाही त्याची तगमग न करता हातातले काम नीट करत राहणे, हा त्याचा खरा अर्थ.

सध्या नवी पेठेत इफ्तारनंतर ईदच्या खरेदीची लगबग सुरू होते. दुसरीकडे तरावीहची नमाज झाली की गल्लीबोळांत पोरांचे टेनिस बॉलचे सामने रंगतात. क्रिकेटचे वेड सोलापूरला नवे नाही. भारताचे माजी कर्णधार पॉली उम्रीगर यांचा जन्म इथलाच. पण रात्री खेळणाऱ्या या पोरांपैकी अनेकांच्या घरी एक वाद कायमचा असतो : खेळ की अभ्यास? हा वाद ज्याने स्वतःच्या आयुष्यात जगून पाहिला, त्या मराठी मुलाची गोष्ट या महिन्यात आठवण्यासारखी आहे. त्याचे नाव सौरभ नेत्रावळकर.

नऊ बळी आणि एक रणजी सामना

१६ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत जन्मलेला सौरभ डावखुरा मध्यमगती गोलंदाज. २०१० साली न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात भारताकडून सर्वाधिक ९ बळी त्याने घेतले. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट, हर्षल पटेल हे त्याचे त्या संघातले सोबती. उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने भारताला हरवले. त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम होता.

पुढे सोबती भारताकडून खेळले. सौरभच्या वाट्याला मुंबईकडून २०१३ साली एकच रणजी सामना आला. मुंबईच्या संघात जागा मिळवणे म्हणजे लोकलच्या डब्यात ऐन गर्दीत बसायला मिळण्यासारखे! पण खेळता खेळता त्याने अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. २०१५ मध्ये त्याने मनावर दगड ठेवला आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला. क्रिकेट संपले, असेच सगळ्यांना वाटले असणार.

मुसलमानांच्या श्रद्धेनुसार कुराणाचे अवतरण रमजानमध्ये सुरू झाले आणि पैगंबरांना पहिली आज्ञा झाली ती वाचण्याची. शिक्षणासाठी दुसरे काही मागे ठेवावे लागले, तर तो पराभव नसतो, हे या महिन्यात वेगळे सांगायला नको.

शनिवार-रविवारचे क्रिकेट

शिक्षण झाल्यावर त्याला ओरॅकल या बड्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. अमेरिकेत क्रिकेट म्हणजे तेव्हा स्थलांतरितांचा सुट्टीच्या दिवसाचा विरंगुळा. चांगल्या खेळपट्टीवर खेळायचे तर काम उरकून मोटारीने लॉस एंजेलिस गाठायचे. अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. तो जात राहिला. त्यातून २०१८ मध्ये अमेरिकेच्या संघाची दारे उघडली आणि पुढे कर्णधारपदही आले. एप्रिल २०१९ मध्ये नामिबियातल्या स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने एकदिवसीय सामन्यांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवला. नोकरी मात्र त्याने सोडली नाही. दौऱ्यावर लॅपटॉप सोबत असायचा. २०२३ मध्ये अमेरिकेची मेजर लीग क्रिकेट सुरू झाली, तेव्हा वॉशिंग्टन फ्रीडमकडून त्याने एका सामन्यात अवघ्या ९ धावांत ६ बळी घेतले.

आणि मग ६ जून २०२४ उजाडला. टी-२० विश्वचषकात डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरी मैदानावर अमेरिका आणि पाकिस्तान, दोघांच्याही १५९ धावा. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ धावा केल्या. त्या वाचवायला चेंडू सौरभच्या हाती आला. पाकिस्तान १३ वर थांबला. समोरच्या संघाचा कर्णधार होता बाबर आझम. चौदा वर्षांपूर्वीची उधारी चुकती झाली, तीही दुसऱ्याच देशाच्या पोशाखात. पुढे अमेरिका ‘सुपर एट’मध्ये पोहोचली.

टाळी कोणासाठी?

त्या दिवशी पाकिस्तानच्या मोहम्मद रिझवानला सौरभने बाद केले, तर फखर झमानला अली खानने. अली खान हा पाकिस्तानातल्या अटकचा, तरुणपणी अमेरिकेत गेलेला. अमेरिकेचा कर्णधार मोनांक पटेल गुजरातचा, तर हरमीत सिंग मुंबईचा. अटक आणि मुंबईची माणसे एका संघात खांद्याला खांदा लावून खेळली, आणि त्यांच्या निष्ठेची चाचणी कोणी घेतली नाही.

सहाच दिवसांनी, १२ जूनला, न्यूयॉर्कमध्ये समोर भारत होता. सौरभने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर माघारी धाडले, मग रोहित शर्माला ३ धावांवर. नंतर सूर्यकुमार यादवचा झेलही त्याच्या हातून सुटला. सूर्यकुमार हा मुंबईच्या वयोगट क्रिकेटमधला त्याचा जुना सोबती. त्याच सूर्यकुमारने मग नाबाद अर्धशतक करून भारताला जिंकून दिले. इकडे महाराष्ट्रात काय झाले? मराठी घरांत भारत जिंकल्याचा आनंद होता आणि ‘आपल्या पोराने’ कोहली-रोहितला बाद केल्याचे कौतुकही. दोन्ही एकाच वेळी. कोणाला त्यात विसंगती वाटली नाही, आणि ते योग्यच होते.

आपल्याकडे मात्र सामन्याच्या दिवशी कोणाच्या घरातून टाळी कधी ऐकू आली, यावरून माणसाचे मन जोखायची सवय काहींना आहे. गल्लीतल्या मुसलमान पोरांना ती नजर लहानपणीच ओळखू येते. सौरभच्या बाबतीत समाजाने जो मोकळेपणा दाखवला, तो आपल्यात आहे हे तर सिद्ध झाले. तो शेजारच्या दारापर्यंत नेणे एवढेच बाकी आहे.

सौरभला भारताची टोपी मिळाली नाही. त्याचे दुःख त्याने कुरवाळले नाही, नशिबाला बोल लावला नाही. पुस्तकही सोडले नाही आणि चेंडूही. रोजा सूर्यास्ताला सुटतो, ती वेळ ठरलेली असते. आयुष्यातल्या प्रतीक्षेला असे वेळापत्रक नसते. तिथे माणसाच्या हातात राहते ते आजचे षटक : नीट, मन लावून टाकलेले.